कार्डामागचं अक्षर

अम्मा जाऊन चाळिसावा झाला आणि मी लोणावळ्याची खोली आवरायला घेतली. आवरण्यासारखं तिथं फारसं नव्हतं. भांडी, जातं, तांदळाचा पत्र्याचा डबा आणि अम्माची ट्रंक. ट्रंक मी सगळ्यांत शेवटी उघडली. तिच्या तळाशी काय आहे ते मला ठाऊक होतं.

लग्नातल्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलेली वही निघाली. जाड पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना कापड लावलेली. मांडीवर घेतली तेव्हा आधी वास आला. वर लवंगांचा, कसर लागू नये म्हणून अम्मा पानापानांत लवंगा ठेवायची. त्याखाली जुन्या खळीचा आंबूस वास. आणि सगळ्यांत खाली, आहे की नाही असा, कोळशाचा आणि ओल्या दोराचा वास. लहानपणी मी त्याला समुद्राचा वास म्हणायची. तो समुद्राचा नव्हता, आगबोटीचा होता.

वहीत पत्रं आहेत. दिसतात मात्र जेवणाची कार्डं.

माझे वडील एका आगबोट कंपनीत पाव भाजायचे. विलायतेच्या एका बंदरातून अटलांटिक ओलांडून अमेरिकेला उतारू नेणारी ती कंपनी. तिच्या एक-दोन बोटी मुंबईलाही येत. नाव लिहीत नाही. ते नाव पुढे दुसऱ्या एका नावात मिसळून गेलं, आणि आता धक्क्यावर कुणाला विचारलं तरी आठवेल असं वाटत नाही. बाबांचे वडील उर्श्याला दुसऱ्यांच्या भातखाचरांत राबायचे. बाबा लोणावळ्याच्या बाजारात एका इराण्याच्या भट्टीवर कामाला लागले आणि तिथं त्यांचा हात बसला. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या बंगल्यावर राहायला येणाऱ्या कंपनीच्या एका साहेबाला त्यांचा पाव आवडला. एवढंच मला माहीत आहे. मी पाळण्यात होते तेव्हा बाबा बोटीवर गेले. पुढे दोन-अडीच वर्षांनी एकदा यायचे, दोन महिने राहायचे आणि पुन्हा जायचे.

बोटीवर पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठी रोजच्या जेवणाचं कार्ड छापत. बोटीवरच छापखाना होता. जेवणं उरकली की उरलेली कोरी-स्वच्छ कार्डं टाकून देत. बाबा त्यातलं एखादं उचलून भट्टीच्या कोपऱ्यात ठेवायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूला पत्र लिहायचे. शिसपेन्सिलीनं लिहायचे, कारण दौत बोटीवर उभी राहत नसे. मराठी दुसरीपर्यंतचं त्यांचं शिक्षण. अक्षर मोठं, उजवीकडे कलतं. वादळ असेल तेव्हा ते जास्तच कलायचं, असं मला वाटे.

त्या कार्डांचा कागद कसा सांगू? सायीच्या रंगाचा, कडेला बारीक सोनेरी रेघ, वर कंपनीचं निळं निशाण आणि त्यावर पिवळा नांगर. आमच्या खोलीत पावसाळ्यात भिंतीला ओल चढायची, चुलीचा धूर आढ्याला साचायचा, घाटातल्या इंजिनांची काजळी खिडकीतून उंबऱ्यावर येऊन बसायची. त्या खोलीत हे कार्ड आलं की कुणीतरी परीटघडीचे कपडे घालून आत आल्यासारखं वाटायचं.

कार्ड आणायचे गेनूआबा. टपाल खात्यातले, पायांत नेहमी कुरकुरणाऱ्या वहाणा. कोपऱ्यावर वहाणा कुरकुरल्या की अम्मा पदराला हात पुसत दारात यायची.

"वैनी, अमेरिकेचं जेवान आलं बगा," ते बाहेरूनच ओरडायचे. मग उंबऱ्यावर टेकायचे. पाकीट फोडल्याशिवाय ते जात नसत. आधी छापील बाजू वाचायची, असा आमच्याकडे शिरस्ता होता. सुरुवातीची पत्रं शेजारचे मास्तर वाचून दाखवायचे. मी तिसरीत गेले आणि ते काम माझ्याकडे आलं; इंग्रजीही मी आधी शिकले ती या कार्डांवरूनच.

"सूप. मग मासा. मग दुसरा मासा. मग कोकराचं मटण. मग बदक."

"एकाच जेवनात?" अम्मा विचारायची.

"मग थंड मटण. मग पुडिंग, तीन तऱ्हेचं. मग बर्फ."

"बर्फ कशाला खात्यात? थंडीत ऱ्हात्यात ना ती लोकं?"

"आन् एवढं खाऊन बोट बुडत न्हाई का वो?" गेनूआबा म्हणायचे.

"जीभ आवरा, आबा," अम्मा म्हणायची. पण ती हसायची. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. तिचं ते हसणं मी पुढे फार कमी पाहिलं.

मग गेनूआबा जायचे, आणि मी कार्ड उलटं करायची.

अम्माला वाचता येत नव्हतं. ती जात्याशेजारी भिंतीला टेकून बसायची, डोळे मिटून घ्यायची आणि म्हणायची, "वाच. सावकाश वाच." मी वाचायची. ती म्हणायची, "पुन्ना." मी पुन्हा वाचायची. पाचव्या-सहाव्या वाचनाला तिचे ओठ माझ्याबरोबर हलायला लागायचे. दोन-चार दिवस असं चाले. मग एके दिवशी भाकरी थापताना ती आपली आपणच सगळं पत्र म्हणायची, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सलामापर्यंत, एकही शब्द न चुकता. आणि म्हणायची, "झालं माझं पाठ. चिकटव आता."

वही इराणी सेठनी दिली होती. खळ करायला शाळेत शिकवलं होतं: कणीक पाण्यात शिजवायची आणि चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे कीड लागत नाही. मी अकरा-बारा वर्षांची होते. कार्डाची कोणती बाजू वर ठेवायची हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. सोनेरी रेघ वर, निशाण वर. शिसपेन्सिलीची, पिठाच्या बोटांचे डाग पडलेली बाजू खाली. मी तिच्यावर काठापासून काठापर्यंत खळ फासायची, कार्ड दाबायची आणि वर पाटा ठेवायची. पत्र तर अम्माला पाठ होतं.

एका रजेत बाबांनी वही पाहिली. चुलीच्या उजेडाकडे धरून एकेक पान उलटलं.

"लय झ्याक केलंस," ते म्हणाले. "पन माझी पत्रं कुटं गेली गं?"

"खाली आहेत," मी म्हणाले.

ते मोठ्यानं हसले. "बरं झालं. माझं अक्षर कुनाला दावायसारखं न्हाईच. आन् आता मीच हितं बसलोय की."

अम्माही हसली. कुणालाच काही वाटलं नाही.

बाबा घरी असले की घराला पावाचा वास यायचा. भट्टी नव्हती, तरी यायचा. त्यांच्या सदऱ्यातच तो होता. त्यांना मात्र पाव नको असे. आल्या दिवसापासून आंबेमोहोर भात लागायचा. कामशेतच्या बाजारातून अम्मा तो आधीच आणून ठेवायची. पातेल्यावर झाकण पडलं आणि पाणी उकळायला लागलं की आंब्याच्या मोहोराचा वास खोलीभर व्हायचा. बाबा चुलीसमोर उकिडवे बसून तो नुसता हुंगायचे.

"बारा-बाराशे माणसांचा पाव भाजतो मी," ते म्हणायचे. "आन् डोळं मिटलं की मला ह्योच वास येतो."

अम्मानं एकदा विचारलं, "एवढी मोठी बोट नुसत्या वाफंवर चालती?"

बाबांनी पातेल्याकडे बोट केलं. झाकण थडथडत होतं, कडेनं वाफ फुसफुसत होती. "हे बग. हीच ताकद. फकस्त पातेलं लय मोठं."

तेव्हापासून भात शिजताना झाकण थडथडलं की अम्मा म्हणायची, "निगाली बोट."

कंपनीच्या बोटींची नावं अम्माच्या जिभेवर बसत नसत. सगळी लांबलचक आणि शेवटी एकसारखी. तिनं आपली नावं ठेवली होती: थोरली, मधली आणि धाकटी. जावांना म्हणावं तशी. बाबा थोरलीवर होते तेव्हा ती म्हणायची, थोरली सांभाळून घेती. मधलीवर बदली झाली तेव्हा तिला काळजी वाटली, नव्या घरात माणूस कसं रुळेल म्हणून. पहिल्या लढाईत थोरली पाणसुरुंगानं फुटून बुडाली. बाबा त्या वेळी मधलीवर होते. ते वाचलेत हे पत्रात पहिल्याच ओळीत होतं, तरी अम्मानं त्या दिवशी चूल पेटवली नाही. "तिच्यावर चार वर्सं जेवलेत ते," ती म्हणाली. हे मला आठवत नाही, मी फार लहान होते. पण अम्मा सांगायची ते इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ती न पेटलेली चूल मला दिसते.

कंपनीला पाऊणशे वर्षं झाली तेव्हा प्रत्येक कामगाराला तिच्या इतिहासाचं पुस्तक मिळालं. बाबांनी ते मला आणून दिलं. त्यात मिशा आणि कल्ले राखलेल्या मालकांची चित्रं होती. पहिल्या बोटीचं चित्र होतं: तिला धुराडंही होतं आणि शिडंही. वाफेवर भरवसा नव्हता म्हणून शिडं ठेवली होती, असं बाबांनी सांगितलं. मला ती बोट फार आवडायची. मी शब्दकोश घेऊन ते पुस्तक वाचलं आणि अम्माला मराठीत सांगितलं. तिला मालकांत काही रस नव्हता. तिला तळातल्या लोकांबद्दल ऐकायचं असे, तिसऱ्या वर्गाच्या.

"ती कोन लोकं?"

"गरीब," बाबांनी सांगितलं. "पोरंबाळं, गाठोडी, पातेली घिऊन चढत्यात. आपल्या कामशेतच्या बाजाराला निगाल्यावानी. फकस्त परत येत न्हाईत."

"कवाच न्हाई?"

"कवाच न्हाई. बोट धक्क्यावरनं सुटली की रडत्यात. दुसऱ्या दिशी पाव मागत्यात."

"मग त्यास्नी पयला द्या," अम्मा म्हणाली होती.

पुस्तकात लिहिलं होतं की कंपनी खरी चालली ती याच लोकांवर. वरच्या मजल्यांवरची झुंबरं तळातल्या गाठोड्यांनी उभी केली. पुढे अमेरिकेनं दारं आवळली, तळ रिकामे पडले. तिथं भिंतींना रंग देऊन हौशी प्रवाशांसाठी खोल्या केल्या. मग कोळसा गेला आणि तेल आलं. भट्टीत फावडी मारणारे शेकडो खलाशी एका फेरीत उतरवले. बाबांनी लिहिलं होतं, "बोट आता स्वच्छ आहे, पण खालून गाणं येत नाही." त्याच सुमाराला इकडे घाटातही विजेची इंजिनं आली. खिडकीतली काजळी हळूहळू कमी झाली. अम्मा उंबरा पुसताना फडक्याकडे बघायची आणि म्हणायची, "काईच निगत न्हाई आता."

कंपनीचा उतार मला पुस्तकात वाचावा लागला नाही. तो वहीत आहे. सोनेरी रेघ आधी गेली. मग कार्ड पातळ झालं. दोन माशांचा एक मासा झाला, बदक गेलं. मंदीच्या वर्षांत मधली एका नदीत नांगरून ठेवली आणि शेवटी मोडायला दिली; बाबांची बदली धाकटीवर झाली. तिचं लाकूड, झुंबरं, खुर्च्या लिलावात गेल्या. नंतर एका कार्डावर निशाणच बदललं: निळ्या कापडाच्या शेजारी दुसऱ्या कुणाचा तांबडा पट्टा. कंपनी तिच्या जुन्या वैऱ्यात विलीन झाली होती. अम्मानं ते कार्ड लांब धरून पाहिलं.

"हे कुनाचं निशान?"

"दोघांचं."

"पन आपला नांगर एवढासा केलाय," ती म्हणाली. तिला ते लागलं. कंपनीनं तिला काय दिलं होतं? नवरा नेला होता. तरी तिला ते लागलं.

बाबांनी एका रजेत आम्हाला वलवणच्या धरणावर नेलं होतं. अम्मानं मुंबईसुद्धा पाहिली नव्हती, समुद्र तर दूरच. श्रावणात धरण तुडुंब भरलेलं, पाण्यावर ढग टेकलेले, पलीकडचा डोंगर मधूनच दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. बाबा म्हणाले, "समुद्र असाच. फकस्त पल्याडचा काठ काढून टाक." अम्मानं डोळे बारीक केले आणि बराच वेळ पलीकडचा काठ काढून टाकत उभी राहिली.

शेवटच्या रजेत ते आले तेव्हा त्यांचे केस पिकले होते आणि मी कामशेतच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले होते. अजून एक करार, मग कायमचा घरी, असं ठरलं होतं. इथंच लहानशी भट्टी घालायची. पावसानं आमचं दार फुगलं होतं. ते बाबांनी रंधा मारून नीट केलं, पण ठोकताना जुनी कडी तुटली. नवी बसवायच्या आधी निघण्याचा दिवस आला. दाराला सुतळीचा फास लावून ते गेले. जाताना तीनदा म्हणाले, सुताराला बोलाव. स्टेशनवर गाडी हलली तेव्हाही खिडकीतून हातानं कडी लावल्याची खूण केली. अम्मा फलाटावर उभी राहून मान हलवत होती.

मग दुसरी लढाई सुरू झाली. धाकटीला राखाडी रंग दिला, तिच्यातून शिपाई जायला लागले. जेवणाची कार्डं छापणं बंद झालं. बाबांच्या जवळ जुनी उरलेली होती. ती ते पुरवून पुरवून वापरत. पाकिटं सरकारी तपासणीत उघडून पुन्हा बंद केलेली यायची.

एका दुपारी कोपऱ्यावर वहाणा कुरकुरल्या, पण हाक आली नाही. मी त्या दिवशी घरी होते, शाळेला सुट्टी होती. गेनूआबा उंबऱ्यावर टेकले नाहीत. बाहेरच उभे राहिले आणि लांब पाकीट माझ्याकडे दिलं. त्यावर कंपनीचं निशाण छापलेलं होतं, पत्ता टंकलेला होता. मी वाचलं आणि अम्माला एकाच वाक्यात सांगितलं. धाकटी बुडाली. नावांच्या यादीत बाबांचं नाव होतं.

अम्मा "पुन्ना वाच" म्हणाली नाही. त्या एकाच कागदाला.

गेनूआबा भिंतीला हात टेकून उभे होते. "वैनी," ते म्हणाले, "बोट बुडायचं मी कवाच मनापासनं बोललो न्हाई वो." अम्मानं त्यांना पाणी दिलं.

कबर नव्हती. फातिहा द्यायला उभं कुठं राहायचं? अम्मा वलवणला गेली. पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

त्यानंतर महिन्याभरानं बाबांचं पत्र आलं. बुडण्याच्या आधी कुठल्याशा बंदरात टाकलेलं, लढाईच्या टपालात रखडलेलं. छापील बाजूला शांततेच्या काळातलं जेवण होतं, सोनेरी रेघेसकट. ते त्यांनी कुठं जपून ठेवलं होतं कोण जाणे. मी कार्ड उलटं केलं. अम्मा जात्यापाशी बसली, डोळे मिटले.

त्यांनी लिहिलं होतं की तब्येत बरी आहे. बोट राखाडी झाल्यामुळे कुरूप दिसते पण पाव तोच आहे. लाटा मोठ्या असल्या की पीठ एका बाजूला कलून फुगतं आणि पाव तिरका होतो. शिपाई हसतात आणि खातात. पाठवलेला आंबेमोहोर पोहोचला, वास अजून आहे. शेवटी लिहिलं होतं: "कडी बसवलीस का? दोघीच असता. कळव."

मी ते किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. आठ दिवस वाचत होते. नवव्या दिवशी अम्मा म्हणाली, "चिकटव." मी खळ केली.

त्या हिवाळ्यात आमच्या आळीत बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. अम्मा जायला लागली. पन्नाशीला आलेली बाई पाटी पदराखाली लपवून जायची. मी आता कामशेतलाच राहत होते; शनिवारी आले की ती पाटीवरची अक्षरं दाखवायची. आधी नुसती अक्षरं, आणि ओळ संपली की सगळ्यांवरून एकच लांब रेघ, वळचणीसारखी. वर्षभरात ती बाजारातल्या पाट्या वाचायला लागली.

एका शनिवारी मी पोहोचले तर ती वही समोर घेऊन बसली होती.

"ही उचकटून दे," ती म्हणाली.

"काय?"

"कार्डं. मागची बाजू."

मी पिशवी खाली ठेवली. "पण तुला तर सगळी पाठ आहेत."

"पाठ हायेत गं," अम्मा म्हणाली. "पन ती तुज्या आवाजात पाठ हायेत. मला त्यांचं अक्षर बगायचंय. आता वळखता येईल मला."

मी सुरी आणली. शेवटच्या कार्डाच्या कोपऱ्याखाली टोक घातलं. मोरचुदाची खळ दगडासारखी झाली होती. कोपरा तुटून हातात आला, सोनेरी रेघेच्या तुकड्यासकट, आणि त्याच्या पाठीला अर्धं उडालेलं एकच अक्षर होतं. अम्मानं माझा मनगटाजवळ हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "फाटलं तर दोनी बाजू जात्याल."

मी रडले. ती रडली नाही. तिनं वही मिटली, माझ्यासाठी चहा ठेवला आणि शाळेतल्या मुलींबद्दल विचारत राहिली. त्या दिवसानंतर तिनं हा विषय काढला नाही. मीही काढला नाही. पण तिला आयुष्यात एकच वस्तू हवी होती आणि ती मी माझ्या हातांनी चिकटवून टाकली होती, हे मी कधी विसरले नाही. वर्गात मुलींना खळ करायला शिकवण्याची पाळी आली की मी तो तास दुसऱ्या बाईंना द्यायची.

पुढली वर्षं तशी सरळ गेली. मी शनिवारी यायची. दार नुसतं लोटलेलं असायचं. दाराला आता चांगली लोखंडी कडी होती. सुताराकडून ती केव्हा बसवून घेतली ते अम्मानं सांगितलं नाही.

"कडी आहे तर लाव ना आतून," मी दर वेळी म्हणायची. "एकटी असतेस."

"कोन येतंय हितं?" ती म्हणायची.

पुष्कळदा चुलीवर भाताचं पातेलं आणि शेजारी वही असायची. "चितरं बगत व्हते," ती म्हणायची. वहीची पानं फुगल्यासारखी, लाटा आल्यासारखी झाली होती. लोणावळ्याची हवाच तशी, असं मी धरून चालले.

आता अम्मा नाही. थंडी संपताना, चार दिवसांच्या तापात गेली. मी वही मांडीवर घेऊन बसले होते, आणि शेवटचं पान उघडलं. तुटक्या कोपऱ्याचं कार्ड. बोट फिरवलं तर कार्डाची कड हलली.

मी उजेडाकडे नेलं. माझी खळ पिवळट तपकिरी, मोरचुदाची हिरवट झाक असलेली. या कडेखाली जे होतं ते पांढरं होतं. आणि तिथं, कार्ड आणि पान यांच्यामध्ये, चपटं होऊन वाळलेलं एक भाताचं शीत होतं.

नखानं मी ते शीत खरवडून पाहिलं.

मग उठले. डब्यात पसाभर आंबेमोहोर उरला होता. तो धुतला, चूल पेटवली, पातेलं ठेवलं. दुपारची वेळ होती. खालच्या रुळांवरून गाडी घाटाकडे गेली. झाकण थडथडायला लागलं. मोहोराचा वास आला. मी झाकण जरा सरकवलं आणि वहीचं पान वाफेवर धरलं. भातानं चिकटवलेलं कार्ड विरोध न करता सुटलं.

बाबांचं अक्षर होतं. मोठं, उजवीकडे कललेलं. पिठाचे डाग होते. थोडी पेन्सिल पानाला लागून राहिली होती, पण सगळं वाचता येत होतं. तिरका पाव, शिपाई, तांदळाचा वास. "कडी बसवलीस का? दोघीच असता. कळव."

आणि त्याखाली, जी जागा कोरी असल्याचं मला पक्कं आठवत होतं तिथं, पेन्सिलीनंच, दुसरं अक्षर होतं. गोल, थबकत काढलेलं, आणि वरून एकच लांब रेघ.

"कडी बसवली. पन लावत न्हाई. दार नुस्तं लोटा."

मी मागची पानं चाळली. कार्डांच्या कडांवर बोट फिरवत गेले. सगळ्यांखाली पांढरं होतं. तिनं एकेक करून सगळी उघडली होती, वाचली होती, उत्तरं दिली होती आणि पुन्हा बंद केली होती. मला सांगितलं नाही. मी माझा अपराध उराशी धरून दर शनिवारी येत होते, आणि माझ्यासमोर चुलीवर भात शिजत होता. का सांगितलं नाही, याचा राग यायला हवा होता. पण पातेल्यात भात खदखदत असताना माझ्या मनात दुसरंच आलं.

त्या दोघांचं लग्न सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं. त्यातले एकत्र काढलेले महिने सगळे मोजले तरी तीन-चार वर्षं भरणार नाहीत. बाकी सगळा संसार या कार्डांवर झाला, आणि त्यातलं एकही अक्षर त्यांचं एकट्यांचं नव्हतं. आधी मास्तर, मग मी. बाबांना माहीत असे की हे पोरगी मोठ्यानं वाचणार, उंबऱ्यावर गेनूआबा असतील. म्हणून ते हवेबद्दल लिहायचे, पावाबद्दल लिहायचे. अम्मा उत्तर सांगायची ते माझ्यासमोर, माझ्या पेन्सिलीकडे बघत. त्यांच्यामध्ये सतत कुणीतरी वाचणारं बसलेलं होतं. ते गेल्यावर, एवढ्या वर्षांनी, पहिल्यांदा तिला त्यांच्याशी एकटीनं बोलता आलं.

वाफ होती. भात होता. आणखी एखादं पान धरलं असतं तर तेही सुटलं असतं.

मी पातेलं उतरवलं. चार शितं घेतली, बोटांनी चिरडली, कार्डाच्या मागे लावली आणि सोनेरी रेघ वर करून ते जागच्या जागी बसवलं. वर पाटा ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. ते सुकेपर्यंत मी तो भात मिठाबरोबर खाल्ला. मग वही लुगड्यात गुंडाळली आणि पिशवीत घेतली.

कामशेतची गाडी पाचची होती. खोलीचं कुलूप घरमालकानं आणून उंबऱ्यावर ठेवलं होतं. मी दारात थांबले. आतल्या कडीला हात लावला. लोखंड गार होतं, कुठं घासलेलं नव्हतं, कधी वापरलेलंच नव्हतं. मग दार ओढून घेतलं. कुलूप तिथंच उंबऱ्यावर राहू दिलं आणि स्टेशनच्या वाटेला लागले.